ध्वनीच्या केबलची लांबी आणि दर्जा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडपात, सभागृहात किंवा नाटकाच्या प्रयोगाला ध्वनिव्यवस्था सांभाळणारे कार्यकर्ते आणि घरी हौसेने चांगले स्पीकर घेतलेले रसिक यांच्याकडून केबलविषयी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. शक्य तेथे हिशोब मांडून दाखवला आहे, कारण केबलच्या बाबतीत व्होल्टेज आणि रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरचा साधा सेल अनेकदा हजारो रुपयांच्या केबलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

केबल लांब झाली की आवाज खराब होतो, हे खरे आहे का?

केबल कोणती, तिच्या एका टोकाला काय जोडले आहे आणि दुसऱ्या टोकाला काय, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. १०० वॅटचा अॅम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीने चालवतो, तेव्हा त्या केबलमधून साडेतीन अॅम्पिअर प्रवाह वाहत असतो. गायकाच्या हातातील साध्या डायनॅमिक मायक्रोफोनमधून मात्र जेमतेम एकदोन मिलिव्होल्ट इतका संदेश निघतो आणि प्रवाह जवळजवळ नसतोच. पहिल्या केबलचा शत्रू तिचा स्वतःचा रोध आहे. दुसरीचा शत्रू बाहेरून शिरणारी घरघर आहे. गिटारच्या केबलला तिसराच त्रास होतो, तो धारितेचा, म्हणजे कपॅसिटन्सचा. डिजिटल केबलचे नियम तर पूर्णच वेगळे आहेत. त्यामुळे '१५ मीटरपेक्षा लांब केबल वापरू नये' असा सरसकट नियम कोणी सांगितला, तर तो कोणत्या केबलबद्दल बोलत आहे, हे आधी विचारावे.

स्पीकरच्या केबलमध्ये नेमके काय वाया जाते?

अॅम्प्लिफायरने दिलेल्या शक्तीचा काही भाग केबलमध्येच उष्णता होऊन संपतो. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला साधारण ०.०१७५ ओहम असतो. स्पीकर १० मीटरवर असेल, तर प्रवाह जाऊन परत येतो, म्हणून हिशोब २० मीटरचा धरावा लागतो आणि रोध ०.३५ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरवर यामुळे आवाज सुमारे ०.४ डेसिबलने उतरतो, जो कानाला जाणवत नाही. परंतु बाजारात लाल-काळी म्हणून मिळणारी, चौरस मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याइतकेच तांबे असलेली बारीक वायर त्याच अंतराला वापरली, तर रोध १.४ ओहम होतो आणि स्पीकरपर्यंत पोहोचणारी शक्ती चौथ्या हिश्श्याहून अधिक घटते.

पातळी उतरली तर अॅम्प्लिफायरचा आवाज थोडा वाढवता येतो. खरी अडचण त्यापुढची आहे. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी तो आकडा सर्व स्वरांना सारखा नसतो. एखाद्या पट्टीत त्याचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, ६ ओहमपर्यंत खाली येतो, तर खर्जातील अनुनादाच्या जागी तो ३० ओहमवरही जातो. १.४ ओहमची केबल मध्ये आली की ६ ओहमच्या ठिकाणी आवाज १.८ डेसिबलने दबतो आणि ३० ओहमच्या ठिकाणी फक्त ०.४ डेसिबलने. म्हणजे काही स्वर दबले आणि काही तसेच राहिले. आवाजाची ठेवणच बदलली, आणि हा फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्याला ऐकू येतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलने हाच फरक ०.२ डेसिबलच्या आत राहतो.

मग किती अंतराला किती जाड केबल घ्यावी?

केबलचा जाण्यायेण्याचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, हा नियम माझ्या मते पुरेसा आहे. तो पाळला तर ८ ओहमच्या स्पीकरसाठी १ चौरस मिलिमीटरची केबल ११ मीटरपर्यंत, १.५ ची १७ मीटरपर्यंत, २.५ ची २८ मीटरपर्यंत आणि ४ ची ४५ मीटरपर्यंत चालते. स्पीकर ४ ओहमचा असेल, किंवा ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडून ४ ओहम झाले असतील, तर ही सगळी अंतरे निम्मी धरावीत. समांतर जोडणीची ही गोष्ट नेहमी विसरली जाते. मंडपात 'एकाच लाइनवर आणखी एक बॉक्स टाकला' की केबल तीच राहते, पण तिच्यावरचा भार दुप्पट होतो.

घरी भिंतीत दडवून वायर टाकायची असेल, तर अंतर कमी असले तरी २.५ चौरस मिलिमीटरची टाकावी. प्लास्टर झाल्यावर ती बदलता येत नाही आणि जाडीतला खर्च एकदाच होतो.

शक्य असेल तर यापेक्षाही चांगला उपाय म्हणजे अॅम्प्लिफायर स्पीकरच्या शेजारी ठेवणे आणि लांबचे अंतर बॅलन्स्ड लाइन केबलने (ती कशी असते ते पुढे दिले आहे) पार करणे. अॅम्प्लिफायर आतच बसवलेल्या स्पीकरमध्ये नेमके हेच केलेले असते.

जाड केबलने खर्ज घट्ट होतो, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

थोडे आहे. अॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले अॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध) २०० लिहिलेला असेल, तर ८ ओहमच्या हिशोबाने त्याचा अंतर्गत रोध ०.०४ ओहम असतो. त्यात ०.३५ ओहमची केबल मिळाली की तोच आकडा २० वर येतो, आणि हे पाहून लोक घाबरतात. परंतु स्पीकरच्या कॉइलचा स्वतःचा सुमारे ६ ओहमचा रोध त्याच मार्गात असतो. त्यामुळे एकूण रोध ६.०४ वरून ६.३९ वर जातो, म्हणजे जेमतेम ६ टक्क्यांनी वाढतो. वर दिलेला ५ टक्क्यांचा नियम पाळला असेल तर ढिल्या खर्जाचे कारण केबलमध्ये शोधू नये; ते बहुतेक वेळा खोलीत, किंवा कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या बॉक्समध्ये असते.

गावभर किंवा मैदानभर कर्णे लावायचे आहेत. शंभर-दोनशे मीटरवर आवाज कसा न्यावा?

येथे ओहमची जोडणी सोडून १०० व्होल्टची लाइन वापरावी. पीए (सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या) अॅम्प्लिफायरच्या मागे ४, ८ आणि १६ ओहमच्या शेजारी ७० व १०० व्होल्ट असे लिहिलेले स्क्रू असतात, ते यासाठीच. वीज लांब नेताना व्होल्टेज चढवतात आणि गावाजवळ ट्रान्सफॉर्मरने उतरवतात, तेच तत्त्व येथे छोट्या प्रमाणावर आहे. व्होल्टेज वाढवले की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो, आणि केबलमधील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ते झपाट्याने घटते.

हिशोब पाहा. २०० मीटर अंतर, १.५ चौरस मिलिमीटरची केबल, म्हणजे जाण्यायेण्याचा रोध सुमारे ४.७ ओहम. ८ ओहमचा कर्णा थेट जोडला, तर आवाज ४ डेसिबलने पडतो. कर्ण्यापर्यंत पोहोचणारी शक्ती अर्ध्याहून अधिक घटते. १०० व्होल्टच्या लाइनवर एकूण १०० वॅटचे कर्णे ट्रान्सफॉर्मरसह जोडले, तर तो भार अॅम्प्लिफायरला १०० ओहमसारखा दिसतो आणि त्याच केबलवर नुकसान फक्त ०.४ डेसिबल होते. सर्व कर्ण्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॅटची बेरीज अॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा जास्त होऊ देऊ नये. साध्या ट्रान्सफॉर्मरमधून खर्ज नीट जात नाही, त्यामुळे ही व्यवस्था निवेदन, सूचना आणि प्रवचनासाठी उत्तम आहे, संगीतासाठी तितकी नाही. या लाइनवरचा १०० व्होल्टचा झटका खराखुरा असतो, म्हणून उघडी टोके कधीही ठेवू नयेत.

मायक्रोफोनची केबल किती लांब चालते?

बॅलन्स्ड मायक्रोफोन, एक्सएलआर (तीन पिनांची) जोडणी आणि चांगली केबल असेल तर १०० मीटरपर्यंत काळजी करण्याचे कारण नाही. अशा मायक्रोफोनचा स्वतःचा इम्पीडन्स १५० ते २०० ओहम असतो. केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर १०० मीटरला १० नॅनोफॅरड होते आणि तिच्यामुळे उतरण सुरू होते ती सुमारे ८० किलोहर्ट्झला. माणसाला ऐकू येण्याची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झ आहे, म्हणजे तानपुऱ्याच्या जव्हारीतील सर्वांत बारीक स्वरसुद्धा सुखरूप पोहोचतात.

जुन्या पद्धतीचा, ६.३५ मिलिमीटरच्या जॅकचा, हाय इम्पीडन्स मायक्रोफोन असेल तर गणित उलटते. त्याचा इम्पीडन्स १० किलोओहमच्या आसपास असला, तर १० मीटरच्या केबलवरच १६ किलोहर्ट्झच्या जवळ वरचे स्वर घसरू लागतात आणि ३० मीटरला ही मर्यादा जवळजवळ ५ किलोहर्ट्झपर्यंत खाली येते. 'स', 'श', 'च' बोथट होतात, कीर्तनकारांचे शब्द कळेनासे होतात आणि लोक दोष मायक्रोफोनला देतात. असा मायक्रोफोन पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये.

बॅलन्स्ड केबल म्हणजे नेमके काय?

तिच्यात एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या जाळीचे किंवा पन्नीचे शील्ड असते. एक्सएलआरमध्ये पिन १ ला शील्ड, पिन २ ला संदेशाची सुलट तार आणि पिन ३ ला उलट तार जोडतात. बाहेरून येणारी घरघर दोन्ही तारांवर सारख्याच प्रमाणात बसते, मिक्सर दोन्हींमधील फरक तेवढा घेतो आणि सारखे असलेले सारे काढून टाकतो. पीळ महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे दोन्ही तारा आळीपाळीने बाधेच्या जवळ येतात आणि सरासरीने दोघींवर सारखा परिणाम होतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी पिळाच्या जोडतारेचे पेटंट १८८१ मध्ये घेतले, तेही टेलिफोनच्या तारांतील हाच त्रास कमी करण्यासाठी. आजचा मायक्रोफोन त्याच कल्पनेवर चालतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

एक अट मात्र आहे. दोन्ही तारांचा रोध सारखा असला तरच हे जमते. एका पिनचा डाख कच्चा असेल तर तोल बिघडतो, आणि केबल बॅलन्स्ड असूनही गुणगुणू लागते.

लाइनमध्ये सतत घरघर येते. केबल बदलावी का?

आधी ती घरघर ऐकून ओळखावी, कारण उपाय तिच्या जातीवर ठरतो.

खोल, एकसुरी गुणगुण असेल तर ती ५० हर्ट्झच्या विजेची आहे. ती बहुतेक वेळा ग्राउंड लूपमुळे येते. मिक्सर प्रेक्षकांच्या मागे एका बोर्डावरून चालतो, अॅम्प्लिफायर रंगमंचाजवळ दुसऱ्या बोर्डावरून, आणि दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो. ऑडिओ केबलचे शील्ड त्या दोन अर्थिंगना जोडते आणि त्यातून प्रवाह वाहू लागतो. येथे महागडी केबल आणून काही होत नाही. सर्व ध्वनियंत्रणा एकाच बोर्डावरून चालवावी; ते शक्य नसेल तर मधल्या ऑडिओ लाइनमध्ये दोन्ही बाजूंची अर्थिंग वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा तसा ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घालावा. लॅपटॉप जोडल्यावरच आवाज येत असेल तर क्षणभर चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर कारण सापडले.

कर्कश, माशी घोंगावल्यासारखा आवाज असेल आणि तो दिवे मंद केल्यावर वाढत असेल, तर तो डिमरचा आहे. एका नाट्यगृहात मी संध्याकाळच्या प्रयोगाच्या तयारीत असताना दुपारी चाचणी अगदी स्वच्छ झाली होती. तिसरी घंटा झाली, प्रेक्षागृहातले दिवे उतरले, आणि स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या तिन्ही मायक्रोफोनमधून घोंगावणे सुरू झाले. अंक संपल्यावर गुडघ्यावर बसून केबल चाचपत गेलो, तेव्हा दिसले की आमची केबल प्रकाशयोजनेच्या जाड केबलला चिकटपट्टीने बांधून, नीटनेटकी, तब्बल १२ मीटर शेजारी शेजारी नेली होती. चिकटपट्टी कापली, केबल हातभर दूर सरकवली, आणि दुसरा अंक शांत गेला. दुपारी दिवे पूर्ण तेजात असल्यामुळे डिमरची करवत चाललीच नव्हती. तेव्हापासून माझी चाचणी दिवे अर्ध्यावर ठेवूनच होते. विजेच्या आणि ध्वनीच्या केबल किमान ३० सेंटिमीटर अंतराने न्याव्यात, आणि एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडाव्यात.

तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढली की घरघर थांबते. असे करणे योग्य आहे का?

कधीही नाही. घरघर थांबते हे खरे आहे, कारण लूप तुटतो. पण त्याबरोबर माणसाचा जीव वाचवणारी तारही तुटते. यंत्राच्या आत कधी २३० व्होल्टची तार धातूच्या पेटीला टेकली, तर तो प्रवाह अर्थिंगमधून जाऊन फ्यूज किंवा ब्रेकर पाडतो. अर्थिंग नसेल तर तोच व्होल्टेज शील्डमधून मायक्रोफोनच्या धातूच्या जाळीपर्यंत पोहोचतो, आणि गायकाचे ओठ त्या जाळीला लागलेले असतात. गणेशोत्सव भर पावसाळ्यात येतो, मंडपातली जमीन ओली असते, कार्यकर्ते अनवाणी असतात. पिन कापलेला प्लग दिसला तर तो कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी बदलून घ्यावा, आणि मंडपाच्या मुख्य जोडणीला ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर) असल्याची खात्री करावी. घरघर काढायची असेल तर ऑडिओच्या बाजूने काढावी. विजेच्या अर्थिंगला हात लावू नये.

गिटार किंवा व्हायोलिनची केबल लांब केल्यावर वाद्याचा आवाज का बदलतो?

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये (तारांची कंपने विजेच्या संदेशात बदलणाऱ्या भागात) तारेचे हजारो वेढे असतात, म्हणून त्याची प्रेरकता, म्हणजे इंडक्टन्स, मोठी असते, आणि केबलच्या धारितेशी मिळून तो एका विशिष्ट स्वरावर अनुनाद करतो. अडीच हेन्रीचा पिकअप आणि ६०० पिकोफॅरड धरले, तर तो अनुनाद ४.१ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. केबल ५ मीटरने वाढवून धारिता ११०० पिकोफॅरड केली, तर तो ३ किलोहर्ट्झवर उतरतो आणि वाद्याची चमक कमी होते. येथे केबलची लांबी वाद्याचाच भाग होते. काही वादकांना तो मऊपणा आवडतो, आणि त्यात काही चूक नाही.

व्हायोलिन, सतार किंवा मेंडोलिनला चिकटवलेल्या पिएझो (कंपनांच्या दाबातून व्होल्टेज निर्माण करणाऱ्या) पिकअपची गोष्ट वेगळी आहे. तो स्वतःच एक छोटा कपॅसिटर असतो, त्यामुळे लांब केबलने त्याचे वरचे स्वर बोथट होत नाहीत, सगळाच आवाज सारखा खाली येतो. पिकअपची धारिता १००० पिकोफॅरड आणि केबलचीही तेवढीच असेल, तर व्होल्टेज निम्मे होते. त्याहून घातक चूक म्हणजे हा पिकअप थेट मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावणे. तसे केले की खालचे आणि मधले स्वर जवळजवळ नाहीसे होतात आणि व्हायोलिन पत्र्यासारखे वाजते. वादक बिचारा गज बदलून पाहतो, राळ लावतो. त्याच्या शेजारीच काही मेगाओहम इनपुटचा प्रीअॅम्प ठेवावा. त्यानंतर केबल हवी तेवढी लांब न्यावी.

केबलचा दर्जा म्हणजे नेमके काय पाहायचे?

पहिली गोष्ट तांबे. सध्या बाजारात अॅल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली वायर सर्रास तांब्याची म्हणून विकली जाते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा सुमारे दीडपट असतो. शिवाय ती दोनचारदा वाकवल्यावर तुटते, आणि स्क्रूखाली दाबलेली तिची टोके काही महिन्यांत सैल होऊन खरखर सुरू होते. कायम बसवायच्या जागी, जाडी वाढवून आणि फसवणूक न होता घेतली, तर ती चालू शकते. रोज गुंडाळायच्या केबलसाठी ती निरुपयोगी आहे.

ओळखायची कशी? एक पेड चाकूने खरवडावा. आत चंदेरी दिसले तर अॅल्युमिनिअम. कलई केलेल्या खऱ्या तांब्याची तार बाहेरून चंदेरी आणि आतून तांबूस असते, त्यामुळे आत काय आहे हे पाहणे आवश्यक आहे. गुंडाळी हातात घेतल्यावरही कळते, कारण मुलामा दिलेल्या तारेचे धातूचे वजन तांब्याच्या निम्म्याहून कमी असते. सर्वांत खात्रीचा मार्ग मल्टिमीटरचा आहे. आपल्याकडे वायर ९० मीटरच्या गुंडाळीत येते, १.५ चौरस मिलिमीटरच्या अस्सल तांब्याच्या पूर्ण गुंडाळीचा रोध सुमारे १.१ ओहम भरतो. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा करूनही १.६ किंवा १.७ आला, तर एकतर ते तांबे नाही, नाहीतर जाडी छापल्यापेक्षा कमी आहे.

दुसरी गोष्ट शील्ड. वेष्टन सोलून जाळी किती दाट आहे ते पाहावे. विरळ जाळीतून आतली तार दिसत असेल, तर मायक्रोफोनसाठी ती केबल घेऊ नये. तिसरी गोष्ट वेष्टनाचा मऊपणा. जी केबल जमिनीवर टाकल्यावर सपाट पडत नाही, तिच्यात कोणाचा तरी पाय अडकतोच.

ऑक्सिजनमुक्त तांबे, चांदी, सोन्याचा मुलामा यांनी फरक पडतो का?

चांदी तांब्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनीच चांगली वाहक आहे. तेवढा फायदा तांब्याची तार किंचित जाड घेतली की मिळतो. ऑक्सिजनमुक्त तांब्याचा आणि नेहमीच्या चांगल्या विद्युत तांब्याचा रोध जवळजवळ सारखाच असतो. सोने तर तांब्यापेक्षा कमी वाहक आहे, पण ते गंजत नाही, आणि म्हणून कनेक्टरवर त्याला अर्थ आहे. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत साध्या पिना एका पावसाळ्यात काळवंडतात. तेथे मुलाम्याचे चांगले कनेक्टर घ्यावेत. तारेवर मात्र सोन्याचांदीचा खर्च करू नये.

महाग केबल लावल्यावर मला स्पष्ट फरक ऐकू आला. तो भास होता का?

आपल्याला जे ऐकू आले ते आपण खरोखर ऐकले. प्रश्न फक्त त्याच्या कारणाचा आहे. केबल बदलताना जुनी जोडणी निघते, पिना घासून स्वच्छ होतात, आवाजाची पातळी थोडी हलते, डोके वेगळ्या जागी जाते, आणि आपण पहिल्यापेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकतो. दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज कानाला 'अधिक चांगला' वाटतो, मोठा वाटत नाही.

खात्री करायची असेल तर दुसऱ्या व्यक्तीला पडद्याआड केबल बदलायला सांगावे. कोणती लावली ते तिने नाणे उडवून ठरवावे, आणि आपण प्रत्येक वेळी ओळखून लिहावे. त्याआधी दोन्ही केबलने स्पीकरच्या टोकांवर येणारे व्होल्टेज मोजून एका टक्क्याच्या आत जुळवावे. १६ पैकी १२ किंवा त्याहून अधिक वेळा बरोबर ओळखले, तर ते केवळ नशीब असण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. पुरेशा जाडीच्या आणि धड जोडलेल्या दोन केबलमध्ये मला स्वतःला हा आकडा कधी गाठता आलेला नाही. बारीक लाल-काळी वायर आणि २.५ चौरस मिलिमीटर यांतला फरक मात्र ओळखता आला.

डावी आणि उजवी केबल एकाच लांबीची हवी का?

वेळेच्या दृष्टीने नको. केबलमध्ये संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. एक केबल १० मीटरने लांब असली, तर उशीर होतो ५० नॅनोसेकंदांचा. तेवढ्या वेळात हवेतला आवाज केसाच्या जाडीइतकाही पुढे जात नाही. खुर्चीत मान किंचित कलली तरी यापेक्षा शेकडो पट फरक पडतो. केबल बारीक असेल तर दोन्ही बाजूंचा रोध सारखा राहावा म्हणून समान लांबी घ्यावी, एवढेच.

केबलवरचा बाण, 'रुळवणे' आणि स्किन इफेक्ट यांचे काय?

ध्वनीचा संदेश दर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, त्यामुळे तारेला स्वतःची दिशा नसते. ज्या केबलचे शील्ड एकाच टोकाला जोडलेले असते, तिच्यावरचा बाण मात्र उपयोगी आहे. शंभर तास वाजवून तांबे रुळत नाही. स्किन इफेक्ट, म्हणजे वरच्या स्वरांचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळ एकवटणे, खरा आहे, पण २० किलोहर्ट्झलाही प्रवाह तांब्यात जवळजवळ अर्धा मिलिमीटर खोल शिरतो. घरगुती जाडीच्या तारेत त्याचा कानाला जाणवेल असा परिणाम होत नाही.

डिजिटल केबलच्या दर्जाने आवाज गोड किंवा कडक होतो का?

होत नाही. डिजिटल संदेश नीट पोहोचला तर पूर्ण पोहोचतो. बिघडला तर टकटक ऐकू येते, मध्येच शांतता पडते किंवा आवाज बंद होतो. येथे लांबीच्या मर्यादा ठरलेल्या आहेत आणि त्या पाळाव्या लागतात. यूएसबी २.० साठी ५ मीटर, आणि डिजिटल मिक्सर व स्टेजबॉक्स यांच्यातील इथरनेट केबलसाठी १०० मीटर. डिजिटल ध्वनीच्या जोडण्यांपैकी एईएस३ साठी ११० ओहमची आणि एसपीडीआयएफसाठी ७५ ओहमची केबल लागते. साधी मायक्रोफोनची केबल दोन मीटरला चालून जाते आणि चाळीस मीटरला दगा देते. इथरनेटमध्येही अॅल्युमिनिअमवर मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते, ती स्टेजसाठी घेऊ नये. प्रकाशाद्वारे संदेश नेणाऱ्या ऑप्टिकल केबलला घट्ट मुरड देऊ नये.

केबल हलवली की खरखर येते. काय करावे?

केबल बहुतेक वेळा मध्ये तुटत नाही, टोकाला तुटते. जॅकची टोपी फिरवून काढावी. आत शील्डचे पेड एकत्र वळून डाख दिलेले असतात. त्यांतले निम्मे तुटून, केसासारखे, शेजारच्या तारेकडे झुकलेले दिसतील. डाख चकचकीत आणि उताराने पसरलेला असावा; करडा, गोळीसारखा फुगलेला डाख कच्चा समजावा. तुटलेला दोन इंच भाग सरळ कापून टाकावा, नव्याने सोलून, आधी तारेला आणि पिनेला वेगवेगळे कथील लावून, मग दोन्ही एकत्र तापवून डाख द्यावा. थंड होईपर्यंत हात हलू देऊ नये. शेवटी केबल पकडणारी चिमट आवळावी. ही चिमट ढिली राहिली तर सगळा ताण डाखावर येतो, आणि दोन कार्यक्रमांत पुन्हा तेच होते.

केबल कशी गुंडाळावी?

कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये कधीही गुंडाळू नये, त्याने आतला पीळ विस्कटतो आणि शील्ड फाटते. एक वेटोळे सुलट आणि पुढचे उलट अशी हातभर रुंद वेटोळी घ्यावीत. फेकल्यावर केबल गाठ न पडता उलगडते. स्पीकरची उरलेली केबल वेटोळ्यात पडून राहिली तरी आवाजाला बाधा येत नाही, कारण तिच्या दोन तारांतले प्रवाह विरुद्ध दिशांना असतात. विजेचे एक्स्टेंशनचे रीळ मात्र पूर्ण उलगडूनच वापरावे, गुंडाळलेले असताना ते तापते.

कार्यक्रमाआधी केबल तपासायची सर्वांत सोपी पद्धत कोणती?

मल्टिमीटर बझरवर लावून एक्सएलआरच्या एका टोकाची पिन १ दुसऱ्या टोकाच्या पिन १ शी, २ ही २ शी आणि ३ ही ३ शी वाजते का ते पाहावे. नंतर १-२, २-३ आणि १-३ वाजत नाहीत ना, हे तपासावे. मीटर जोडलेला असतानाच दोन्ही टोके हलवावीत, कारण अर्धवट तुटलेली तार स्थिर असताना बरोबर दाखवते. नापास झालेल्या केबलला तेथेच गाठ मारून वेगळ्या पिशवीत टाकावी, म्हणजे घाईत कोणी ती पुन्हा स्टेजवर नेणार नाही. ३० केबलना साधारण अर्धा तास लागतो. हे काम कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी करावे, म्हणजे बिघडलेली टोके त्याच रात्री डाखून घेता येतात.